तीन हेडलॅम्प, शून्य चिंबोऱ्या

१३ मे २०१४, मंगळवार

तोंड आवरत नाही माझं! दुसरं काही नाही.

लिफ्टमध्ये हेंग अंकल भेटले. आमच्या ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर राहतात, टॅक्सी चालवून निवृत्त झालेत. हातात निळी बादली, आत खरखर. डोकावलो तर चिंबोऱ्या! जिवंत, ठिपक्या-ठिपक्यांच्या. ओहोटीला पहाटे चांगीच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरून पकडतात म्हणे. "यू नो हाऊ टु कॅच?" त्यांनी आपलं सहज विचारलं. नाही म्हणून मोकळं व्हायचं की नाही? मी म्हणालो, "अंकल, मी अलिबागचा. आम्ही जन्मतो तेच हातात चिंबोरी घेऊन."

अलिबागला आमचं घर एसटी स्टँडच्या मागे. वडील तहसील कचेरीत. चिंबोऱ्या घरी यायच्या त्या बाजारातून, त्याही नांग्या बांधून. बारा वर्षांचा असताना एकदाच मामेभावाबरोबर खाडीवर गेलो होतो. त्या दिवशी चिंबोरीनं मला पकडलं होतं.

अंकल एकदम खूश. "सॅटरडे, फोर ओ'क्लॉक. ब्रिंग हेडलॅम्प."

१४ मे

ऑफिसातून परस्पर बीच रोडच्या दुकानात. तंबू, चाकू, दोर, बूट — असल्या दुकानात गेलं की मला उगाच मर्द असल्यासारखं वाटतं. दुकानदार म्हणाला, कशासाठी हवाय? मी छाती काढून — "हंटिंग!" त्यानं काउंटरखालून वेगळाच खोका काढला. "वाइल्ड बोअर?"

"क्रॅब."

चेहरा सरळ ठेवला त्यानं. भला माणूस.

सर्वांत मोठा घेतला. हजार ल्युमेनचा उजेड! बॅटरी बटाट्याएवढी, ती डोक्यामागे. साधा दिवा घ्यावा हे कळत होतं, पण वीस वर्षं रिफायनरीत मोजमापं बघण्यात गेलेला माणूस मी. मोठा आकडा दिसला की विरघळतो.

घरी घालून दाखवला. मीनाक्षी म्हणाली, "अहो, टक्कल आधीच चमकतंय. त्यावर आणखी फोकस कशाला?" किमयानं फोनमधून मान वर केली. हल्ली हाच तिचा बापाशी संवाद. "बाबा, यू लुक लाइक एमआरटी कमिंग, लाह." एमआरटी म्हणजे इथली मेट्रो.

१७ मे, शनिवार

पकडल्या : शून्य. पडलो : दोनदा.

पहाटे टॅक्सीनं गेलो. समुद्र लांबवर मागे सरलेला, गुडघाभर पाणी, तळाशी गवत. दहा-बारा माणसं वाकून हळूहळू चालतायत, प्रत्येकाच्या कपाळावर छोटासा दिवा. मी माझा लावला. किनारा पांढराफटक! पाण्यावरून उजेड उलटून माझ्याच डोळ्यांत. दोघातिघांनी चिनीत काहीतरी सुनावलं. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

"गोपी, यू ब्रिंग द सन आह?" हेंग अंकल म्हणाले. मग समजावून सांगितलं — उजेडाच्या मधे बघायचं नाही. कडेला बघायचं. मधला खेकडा दबून बसतो, कडेचा पळतो. पळाला की दिसतो, दिसला की वरून जाळी टाकायची.

कडेला बघ, कडेला बघ म्हणून तासभर डोळे ताणले. कडेला काळोख होता.

उजाडताना अंकलनी त्यांच्यातल्या दोन माझ्या बादलीत टाकल्या. दारातच मीनाक्षीनं विचारलं, "तुम्ही पकडल्यात?"

"मग काय!"

कालवण फक्कड झालं होतं. दुसऱ्यांदा मात्र वाढून घेतलं नाही.

२१ मे

ज्ञान मिळवलं! गढूळ पाण्यात पांढरा उजेड चालत नाही, पिवळा लागतो. दोनशे ल्युमेन पुरे. म्हणजे चूक माझी नव्हती, दिव्याची होती. दुसरा घेतला — पिवळा.

रात्री चाचणी. बाथरूममध्ये अंधार केला, टबात पाणी, त्यात कॉफी पावडर कालवून गढूळपणा आणला, तळाशी किमयाचे केसांचे चिमटे टाकले. म्हटलं, या चिंबोऱ्या. सहातले दोन सापडले.

दार उघडून मीनाक्षी उभी. टबात डोकावली, चिमट्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "ऑफिसात सगळं ठीक आहे ना हो?"

३० मे

उद्या पुन्हा ओहोटी. शाळेला सुट्टी लागली, म्हणून किमया येते म्हणाली! स्वतःहून! बहुधा आईनं पाठवलं असावं, माझ्यावर लक्ष ठेवायला. असो. पंधरा वर्षांची मुलगी बापाबरोबर पहाटे चारला उठते, कारण विचारू नये.

३१ मे, शनिवार

किमया : सात. मी : शून्य.

तिच्या कपाळाला शाळेच्या कॅम्पचा दिवा, खेळण्यातला वाटावा असा. तरी पहिल्या दहा मिनिटांत दोन! जाळी टाकते काय, उचलते काय. हेंग अंकल म्हणाले, "धिस वन ट्रू अलिबाग." मी अभिमानानं फुगलो आणि त्याच तंद्रीत पाण्यातल्या लाकडी खुंटावर आपटलो. नडगी सोलपटली.

"बाबा, तो पोल केवढा मोठा आहे!"

"दिवा नीट नाहीये गं. पट्टा ढिला पडतोय."

एकदा तर माझ्या पायापाशीच होती म्हणे. "लेफ्ट, बाबा, लेफ्ट! तुमच्या पायाजवळ!" मी सगळीकडे बघितलं. तिला वाटलं, मी नाटक करतोय. खो-खो हसली. किती दिवसांनी हसली माझ्यासमोर! मग मीही नाटक केल्यासारखंच केलं.

येताना टॅक्सीत तिनं विचारलं, "मागच्या वेळी त्या दोन तुम्हीच पकडल्या होत्या?"

"अंकलनी दिल्या."

"आय नो," ती म्हणाली. "आईलापण माहितीये."

५ जून

जुरोंग आयलंडच्या रिफायनरीला जाणाऱ्या बसमध्ये रोज पाऊण तास हेच वाचतोय. अमेरिकेत रानडुकरं मारणाऱ्यांचा एक अड्डा सापडलाय इंटरनेटवर. कुठला दिवा, झोत अरुंद की पसरट, पट्टा कसा, घाम आला तर काय. एकानं लिहिलंय : पसरट झोत घ्या, नाहीतर डुक्कर बाजूनं येईल आणि कळणारही नाही. पटलं! माझा झोत अरुंद, तिथंच गाडं अडतंय. तिसरा मागवला.

मीनाक्षीला सांगितलेलं नाही. कपाटात आधीचे दोन आहेत. चिंबोऱ्यांच्या बाजारात बसलो तर दिवे विकून पोट भरेन.

१४ जून, शनिवार

आज विनोद सुचत नाहीये. तरी लिहितो.

तिसरा दिवा, पसरट झोत. अर्धा तास शून्य. किमया म्हणाली, "बाबा, स्वॅप." तिचा छोटा मी घातला, माझा तिनं. माझ्या दिव्यात तिला लगेच तीन मिळाल्या. तिच्या दिव्यात मला पाणी दिसलं. पाण्याचं एक गोल तबक, बस. त्यापलीकडे काळं.

मग भरती लागली. अंकलनी हाक मारली, चला. मी वर बघितलं तर किमया नाही. उजवीकडे नाही, पुढे नाही. पाणी मांडीला लागत होतं. "किमया! किमया!" ओरडलो. आवाज फाटला माझा. समोरून दोन-तीन दिवे वळले.

"बाबा, आय ॲम हिअर ओन्ली."

डावीकडे. हात लांब केला असता तर लागली असती. तिच्या कपाळावर माझाच दिवा जळत होता.

या वेळी हसली नाही ती. माझा हात धरून बाहेर आणलं. घरी आल्यावर मला खुर्चीत बसवलं. "माझ्या नाकाकडे बघा. हलायचं नाही. किती बोटं आहेत?"

"बोटं दाखव तर आधी."

तिनं आईकडे बघितलं. मीनाक्षीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

बोटं केव्हाची वर होती.

१६ जून

मीनाक्षी म्हणते, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी म्हटलं, दुरुस्तीसाठी प्लांटचा शटडाउन चालू आहे, संपला की जाऊ. चष्म्याचा नंबर वाढला असेल. सेहेचाळीस वय झालं.

पण खरं कारण इथं लिहायला हरकत नाही. तीस-तीस मीटर उंच टॉवरवर चढतो मी. डोळ्यांत काही निघालं तर कंपनी चढू देईल? चढायचं नसेल तर मला ठेवील कशाला? नोकरीवर इथं राहायचा पास, पासवर हे घर, घरावर किमयाची शाळा. एक वीट काढली की... नकोच ते. गाजर खातोय. आज पाच खाल्ली.

२४ जून

काल शटडाउनची रात्रपाळी. टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावर पायाखालच्या लोखंडी जाळीचा एक तुकडा काढून ठेवला होता. भोवती लाल-पांढरी पट्टी, पट्टीला लुकलुकते दिवे. मी हातातला गेज वाचत चाललो होतो.

मागून पट्ट्याला धरून कुणीतरी खेचलं. असं खेचलं की मी पाठीवर आपटलो. प्रबोध — आमचा टेक्निशियन, चिपळूणचा, पंचविशीतला.

"सर! खड्डा!"

माझा पुढचा पाय हवेत होता.

"पट्टी दिसली नाही, सर?"

"विचारात होतो रे." हसलो मी. "सासूबाई येणारेत म्हणून."

तो हसला नाही. उरलेल्या पाळीत काही ना काही काम काढून माझ्या पुढेच चालत राहिला. जिन्यावरसुद्धा.

मी खाली पडलो असतो तर तो माझा दोष. पण खाली दोन वेल्डर काम करत होते. त्यांच्यावर पडलो असतो तर? असला विचार नोकरीच्या हिशेबात मी धरलाच नव्हता. लाज वाटली.

सकाळी घरी गेलो. मीनाक्षीला म्हटलं, "घे अपॉइंटमेंट."

२७ जून

डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. दोन तास तपासण्या. एका अर्ध्या वाडग्यात तोंड घालून बसायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं मशीन बिघडलंय, इतका वेळ ठिपकाच येईना. मग नर्स हळूच म्हणाली, "स्टिल रनिंग, सर."

पडद्याचा आजार आहे. नाव लांबलचक, डॉक्टरांनी लिहून दिलं. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं. मधलं पुष्कळ वर्षं टिकेल म्हणाले. उपाय नाही. पिढीजात, रक्तातून येतो.

मी विचारलं, "हेडलॅम्प कुठला घेऊ?" सवयच आहे ती. त्यांनी खरंच विचार करून उत्तर दिलं : "वाटेल तो घ्या. दिव्याचा दोष नाही."

बाहेर आल्यावर मीनाक्षी म्हणाली, "वीस वर्षं तुम्हाला धांदरट म्हणतेय मी." आणि क्लिनिकच्या पायरीवरच बसली. मी शेजारी बसलो. ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. उठून उजवीकडे आली. मग लक्षात आलं, त्यानं काही फरक पडत नाही, म्हणून समोर येऊन उभी राहिली. असं आमचं चाललं होतं. लोक बघत होते.

१ जुलै

कंपनीत सांगितलं. मॅनेजर बराच वेळ कागद वाचत राहिले. चढणं बंद, रात्रपाळी बंद. ड्रॉइंग तपासायची, टेबलावर. वर्षभर तरी नक्की, पुढचं पुढे. मी आभार मानून निघालो. काचेचं दार होतं. नीट उघडून बाहेर आलो, मुद्दाम सावकाश.

प्रबोधला कॅन्टीनमध्ये सांगितलं. म्हणाला, "सर, सासूबाई येणारेत हे खरं होतं का?"

"तेही खोटंच."

५ जुलै

हेंग अंकल बादलीभर चिंबोऱ्या घेऊन दारात. आत येईनात, चपला काढायला लागतील म्हणून. त्यांना सगळं सांगितलं. बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, "नेव्हर माइंड. यू होल्ड द पेल. होल्डिंग पेल ऑल्सो वर्क." पुढच्या ओहोटीला किमयालाही घेऊन जातो म्हणाले.

तिन्ही दिवे अंकलना देऊन टाकले. हजार ल्युमेनचा बघून घाबरले.

९ जुलै, बुधवार

त्या दिवशी डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले होते. ते मी इथंही लिहिलं नाही, मीनाक्षीशीही त्यावर बोललो नाही, तीही बोलली नाही. "ब्रिंग युवर डॉटर."

आज नेलं. वाडग्यापुढे ती बसली, मी मागे उभा. बटणाची टकटक सारखी चालू होती, थांबतच नव्हती. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. म्हणाले, काहीही नाही. दोन्ही डोळे स्वच्छ.

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं.