रिकामी डिस्क पहिली

सोमवार, ८ मार्च

मशीन उठत नाही! एक्स-रे सेंटरचा कॉम्प्युटर — सगळ्या पेशंटच्या स्कॅन केलेल्या फिल्म ज्यात आहेत तोच. युनिक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढतो, भराभर ओळी येतात, मग ठप्प : रूट, म्हणजे बाकीची सिस्टिम जिथे आहे ती जागा, सापडत नाही. मी खोका उघडून बसलेलो, डॉक्टर डोक्यावर उभे. ‘‘गुरुवारी ऑपरेशन आहे. जुन्या फिल्म कुठून आणू? कोणी हात लावला होता?’’

मीच. शनिवारी फिल्म साठवायला जादा स्कझी डिस्क मीच बसवली. ‘जागा संपत आलीय रे’ असं ती म्हणाली होती ना, काउंटरवर बसून हे मशीन चालवणारी! पण तोंडातून निघालं भलतंच — ‘‘कोणीतरी शटडाउन न करता नुसतं बटण दाबून बंद केलं असणार!’’

बंद करणारी तीच एक. तिने काउंटरवरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘हो सर. घाईत होते.’’

का म्हणाली? शनिवारी तिने नीट शटडाउन टाइप केलं होतं. मी शेजारीच होतो. तिच्या बोटांकडे बघत होतो, गाढवासारखा.

मंगळवार

तिची खुर्ची रिकामी. मशीन उठल्याशिवाय येऊ नकोस, असं डॉक्टरांनी सांगितलंय. नाहीच उठलं तर नवं मशीन, आणि ते चालवायला कंपनीचाच माणूस. म्हणजे तिची नोकरी गेली.

केबल बदलली. तिच्या टोकाला लागणारं बूच, टर्मिनेटर, तेही बदललं. तेच! मामा बघायला आला; त्याच्याच कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी काम करतो. ‘‘कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान स्क्रू तरी पूर्ण आवळ.’’ मी स्क्रूड्रायव्हर भिरकावला. मग टेबलाखाली रांगत तोच शोधला. मामा बघत होता.

बुधवार

सापडलं!

सीडीवरून मशीन उठवलं, ओळी सावकाश वाचल्या. जुनी डिस्क तीन नंबरवर, माझी नवी शून्यावर. दुकानातून आली तशीच खुपसली होती, डिस्कचा नंबर ठरवणारी ती चिमुकली टोपी, जंपर, न बघता. डिस्कचं कार्ड अजून तीनवरूनच सुरुवात करतं, म्हणून कर्नल उठतो. पण मग तो आपलं घर, ते रूट, शोधतो ‘पहिल्या डिस्क’वर — आणि नंबराने पहिली आता माझी. कोरी करकरीत!

शनिवारी एकदा चालू करून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण ती पर्स उचलून निघाली होती आणि मला तिच्याबरोबर स्टॉपपर्यंत जायचं होतं. झाकण लावलं अन् पळालो.

नव्या डिस्कचा जंपर काढून पाचवर लावला. बटण दाबलं. पडद्यावर लॉगिन!

डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. ‘‘शाबास! तिने घोळ घातला, तू निस्तरलास.’’ मामा तर चक्क हसला. कितीतरी महिन्यांनी.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला.

फोन संपला तरी मी तिथेच होतो. नाही बोललो.

गुरुवार

‘‘तिला उद्यापासून बोलावलंय, पण आता लक्ष ठेवावं लागेल,’’ — डॉक्टर. लक्ष! तिच्यावर!

शुक्रवार

सकाळीच सांगून टाकलं. तिच्यासमोर, मामासमोर. डॉक्टर पाठ फिरवून आत गेले. मामाने हात पुढे केला, मी दुकानाची किल्ली परत दिली.

संध्याकाळी तिला गेटवर गाठलं. विचारलं, ‘‘तू हो का म्हणालीस?’’

‘‘बघत होते, तू कधी बोलतोस.’’

स्टॉपकडे ती एकटीच गेली.