एक माणूस जास्त

सोमवार, ३ तारीख

दोघी असतील असं सांगून कामावर घेतलं मला, आणि इथे मी एकटी! जोडीदारीण कुठे आहे, असं साहेबांना तोंडावर विचारलं. म्हणाले, मावशी, ती तिच्या वेळेला येते, तुम्ही तुमचं बघा. म्हणजे बोलायला चार भिंती.

बाकी नोकरी झकास. चौथी शिकलेल्या बाईला खुर्चीत बसून टीव्ही बघायचा पगार कोण देतं? जन्मभर फरश्या पुसून गुडघे गेले, आता डोळे जाऊ देत. वर राहायला खोली आहे, नळाला पाणीही.

काम असं. गोदामभर जुन्या टेपा आहेत. स्वस्तातले भुताचे सिनेमे आणि टीव्हीवरचे जुने माहितीपट. दर शनिवारी टेपा पुसतात, म्हणजे आतलं सगळं मिटवून कोऱ्या करतात. त्याआधी एकेका टेपेत किती माणसं दिसली ते कागदावर लिहायचं. एक कागद माझा, एक जोडीदारणीचा. आकडे जुळले की टेप पुसायला जाते. नाही जुळले तर पुन्हा बघा.

ही वही लेकीमुळे. म्हणाली, आई, रोज फोनवर पुराण लावू नकोस, लिहून ठेव. ठेवते.

बुधवार, ५ तारीख

आजच्या सिनेमातल्या भुताच्या हातात रबराचे मोजे, आणि वर मनगटाला घड्याळ! हसून हसून पोट दुखलं. कोणाला तरी दाखवावं म्हणून शेजारी वळले. कोणी नव्हतं.

माहितीपट त्यापेक्षा बरे. वीटभट्टीवरचा एक आहे. माणसं काम थांबवून सरळ समोर बघतात. आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटतं. मी तेरा मोजली. जोडीदारणीच्या कागदावर चौदा. अक्षर मात्र मोत्यासारखं आहे बाईचं.

शुक्रवार, ७ तारीख

साहेब खवळले. आठवड्यात एकही टेप जुळली नाही. म्हणाले, मावशी, तेरापर्यंत तरी मोजता येतं ना? मीही सुनावलं की नातवंडं मोजायची वेळ आली माझी, मला आकडे शिकवू नका.

पण दर टेपेत तिचा आकडा एकाने जास्त. एका सिनेमात नुसता रिकामा बंगला, दार करकरतंय, माणूस औषधालाही नाही. मी शून्य लिहिलं. तिनं एक.

सोमवार, १० तारीख

सकाळी कागदावर खाली लिहिलं, बाई, तुला जास्तीचं कोण दिसतं? दुपारी उत्तर कागदांच्या ट्रेमध्ये. ‘खुर्चीत बसलेली. एकटीच असते बिचारी.’

वीटभट्टी तीनदा बघितली. खुर्चीच नाही त्यात.

मंगळवार, ११ तारीख

साहेब म्हणाले, आज जुळलं नाही तर उद्यापासून येऊ नका. कुठे जाणार? लेकीच्या घरी माझी अडचण होते, ती बोलत नाही एवढंच. वैतागून वीटभट्टीच्या कागदावर लिहून टाकलं चौदा. जुळलं. टेप शनिवारच्या गठ्ठ्यात गेली.

आता टीव्ही बंद केला तेव्हा काचेत खोली दिसली. या खोलीत खुर्ची एकच आहे. माझी.

बुधवार, १२ तारीख

साहेब दारात आले. मी समोर बसलेली. ते खुर्चीकडे बघून शिपायाला म्हणाले की मावशी न सांगता गेल्या वाटतं. दिवा घालवला. मी ओरडले. वळलेसुद्धा नाहीत.

लेकीला फोन लावला. ती म्हणत राहिली, हॅलो, कोण आहे, आधी टीव्ही बारीक करा. टीव्ही बंद होता. मी आई बोलतेय म्हणून सांगत होते, आई, आई — तिनं ठेवला.

गुरुवार, १३

पाठीला धग लागते. विटांची. हातावर लाल धूळ.

पुढे काच. पलीकडे खुर्ची. खुर्चीत बाई बसली आहे, माझी पेन्सिल हातात. बोट फिरवून मोजते. अकरा, बारा, तेरा — बोट माझ्यावर थांबलं. हसली. ओळखीचं हसली.

साहेब, ही वही तुमच्यासाठी. चौदा खोटं आहे. मी नोकरीपायी लिहिलं. तेराच. तो आकडा खोडा, टेप गठ्ठ्यातून काढा. लेकीला कळवा की मी न सांगता गेले नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं मला. शुक्रवारपर्यंत, साहेब, कारण शनिवारी तुम्ही—