सुभेदारांचे सहा फोन

रविवार, १३ एप्रिल २०२५

सुभेदार गेणबा गेले. एक्क्याण्णव वर्षांचे होते. आणि त्यांचे डोळे माझ्यामुळे वाया गेले.

सरळ लिहून टाकतो. आमच्या सेवा क्लबचं नेत्रदानाचं काम माझ्याकडे. कार्डावर नंबर माझाच. सकाळी आमच्या सूसच्या घरी मुलीला, आरोहीला बघायला पाहुणे आले होते. पोहे चालू होते. फोन वाजला — सुभेदार! दर रविवारी यायचा त्यांचा फोन, आणि दर रविवारी तीच पासष्टच्या लढाईतली गोष्ट. कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. मग फोन सायलेंटवर टाकला.

दोन वाजता पाहिलं. एकूण सहा फोन. खाली त्याच नंबरवरून त्यांच्या सुनेचा, रंभाबाईंचा मेसेज — मामंजी सकाळी सातला गेले. डोळ्यांची गाडी लवकर पाठवा.

सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. सात तास उलटले होते.

त्यांच्या गावी, मालेला पोहोचलो तर अंगणात माणसं. तोंडातून निघून गेलं, "ताम्हिणीकडे होतो, रेंज नव्हती." कुणालाच शंका आली नाही. तिकडे रेंज नसतेच.

सोमवार, १४ एप्रिल

आरोही म्हणाली, "बाबा, जेवत का नाही?" पित्त झालंय म्हणालो. दुसरं खोटं.

बुधवार, १६ एप्रिल

त्यांची ती गोष्ट आज पूर्ण आठवायला बसलो. उसाच्या शेतात सुरुंग फुटला. जोडीदार बिरदेवचे डोळे गेले. गेणबांनी त्याला स्वतःचा कमरेचा पट्टा धरायला दिला आणि दिवसभर चालवत मागे आणलं. "त्यो सारखा इचारायचा, गेणबा, म्होरं काय दिसतंय? म्या सांगत गेलो." — मग? पुढे बिरदेवचं काय झालं? आठवेना. कसं आठवेल! शेवटपर्यंत कधी ऐकलीच नाही. दर वेळी "बरं सुभेदार, ठेवतो" म्हणालो.

फौजेतून आल्यावर चाळीस वर्षं ते क्लबात होते. आधी सायकलवर, गुडघे गेल्यावर एसटीने, मुळशीतलं एक गाव सोडलं नाही. लोकांच्या ओट्यावर बसून विचारायचे, "सरणावर डोळं कशापायी जाळायचं?" शेकडो अर्ज भरून घेतले. पहिला स्वतःचा.

रविवार, २० एप्रिल

पौडला शोकसभा. मला बोलायला लावलं! 'आदर्श' हा शब्द किती वेळा वापरला कुणास ठाऊक.

मी खाली बसलो आणि वेदांत उठला. क्लबातला सगळ्यात नवा सदस्य. "एक विचारू? खुद्द सुभेदारांचंच नेत्रदान कसं राहिलं?"

तेवढ्यात मागून रंभाबाई उठल्या. "सायबांस्नी रेंज न्हवती. त्यांचा काय दोस?"

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्याच क्षणी बोलायला हवं होतं — नाही बोललो. तो माणूस सुरुंगातून जोडीदाराला घेऊन आला, आणि मला पन्नास खुर्च्यांपुढे एक वाक्य बोलवलं नाही. भित्रा!

मंगळवार, २२ एप्रिल

राजीनामा लिहिला. कारण 'प्रकृती' लिहिलं होतं. फाडला. खरं कारण घालून पुन्हा लिहिला. उद्या आधी मालेला.

बुधवार, २३ एप्रिल

रंभाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "मी ताम्हिणीला नव्हतो—" एवढंच म्हणालो.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "रिंग जात हुती आन् मधीच कट व्हत हुती. रेंज नसली तर ती बाई बोलती."

"मग सभेत तुम्ही—"

"चार लोकांत तुमचं त्वांड उतरवून मामंजींचं डोळं कामी येणार हुतं व्हय?"

मी राजीनामा पुढे केला. त्यांनी हात लावला नाही. माफ केलं, असंही म्हणाल्या नाहीत.

"क्लबात खरं सांगा. पर त्यो डोळ्यांचा फोन तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुणी कट केला तर? तुमी आता न्हाई करायचा."