कागदावरचा दीर

२६ ऑगस्ट
चार वर्षांचं पोर ऑफिसात टेबलाखाली लपवलं! एरबोलनं साहेबांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या. साहेब धपकन! मीच शिकवलेलं, हसू आवरेना.
"बुरुल, हे कार्टं परत दिसलं तर तूपण दिसू नकोस!"
सासूबाई गेल्या त्याला पंधरा दिवस. त्याच सांभाळायच्या. नवरा रशियात. फोनवर म्हणतो — "बघ काहीतरी."
काय बघू?

२९ ऑगस्ट
हजेरीवाल्या तोक्तोबुबू आपा म्हणाल्या — "रडतेस काय वेडे! सरकारी नोकरांच्या पोरांना बालवाडीत राखीव जागा असतात. जन्मदाखला ने."
गेले नाचत.
बालवाडीच्या बाईंनी दाखला वाचला. मग मला. "आईचं नाव तुझ्या सासूचं. बापाचं सासऱ्याचं. तू कोण?"
"आई."
"कागदावर हा तुझा दीर. दिराला राखीव जागा नसते. साध्या रांगेत नाव लाव. नंबर सातशे बारा."
पहिलं पोर आजीआजोबांचं, आमच्यात रीतच. पण सासूबाईंनी हौसेनं दाखल्यावरपण स्वतःलाच आई केलं. मी तेव्हा अठराची. म्हटलं बरंय, रात्रीचं उठायला नको! हसलेपण.
गाढव.

१ सप्टेंबर
साहेब — सोमवारपर्यंत सोय कर, नाहीतर राजीनामा.

३ सप्टेंबर
एरबोलला घेऊन गावी गेले. मामंजींना म्हटलं, कोर्टात चला, खरं सांगा, पोर माझ्या नावावर करा.
ते चहा ओतत राहिले. "महिना नाही झाला मातीत जाऊन. आणि मी चारचौघांत सांगू, माझी म्हातारी खोटारडी होती?"
सुनेनं सासऱ्याशी वाद घालायचा नसतो. मी पाव कापत राहिले.
एरबोल त्यांच्या मांडीवर. "बाबा, वहिनी का रडते?"

५ सप्टेंबर
नाक दाबून बालवाडीत फोन लावला. "मंत्रालयातून बोलतेय! एरबोल नावाच्या मुलाला ताबडतोब —"
"बुरुल, सर्दी झालीय का गं?"
ठेवला. हसायला आलं, मग दुसरंच काहीतरी. बादली भरून घेतली नि फरशी पुसत बसले.

७ सप्टेंबर
त्याला मामंजींकडे सोडलं. तात्पुरतं. त्यानं वळूनपण बघितलं नाही, मेंढीच्या मागे पळाला. नोकरी वाचली.

१८ सप्टेंबर
आज वेळेवर गेले. वेळेवर आले.

९ ऑक्टोबर
नवीन दाखल्याच्या अर्जासाठी वकील गाठला. म्हणतो, बापाच्या संमतीशिवाय काही होत नाही. म्हटलं बाप रशियात आहे. म्हणाला, "तो नाही. दाखल्यावरचा."

२ नोव्हेंबर
मामंजी आले. खुशीत! तळलेल्या पिठाच्या बोरसोकची पिशवी घेऊन. "सूनबाई, लागला निकाल! एरबोल बालवाडीत. राखीव जागेवर!"
तलास शहरात. तिथं माझी नणंद चोलपोन सरकारी शाळेत शिकवते, मूलबाळ नाही. कोर्टानं एरबोल तिला दत्तक दिला. बापाची सही लागली, ती मामंजींनी केली.
माझी कुठंच लागली नाही.