मंजूर झालेली परवानगी मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
नौका तपासणी विभाग,
बंदर कार्यालय.

विषय : अटकावून ठेवलेल्या प्रवासी होडीचे इंजिन सुरू करण्यास आपण दिलेली परवानगी मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) तीच परवानगी मागणारा माझा दि. ३ मार्चचा अर्ज.
२) आपले दि. २२ एप्रिलचे मंजुरीपत्र.

महोदय,

खाडीतली प्रवासी होडी माझ्या आत्याच्या मालकीची असून ती स्वतःच चालवते. मी तिची भाची. रसायनशास्त्राची पदवीधर आहे व तिची कागदपत्रे पाहते. उद्या सकाळी अकरा वाजता आपल्या धक्क्यावर आत्याने इंजिन सुरू करून दाखवावे, न झाल्यास होडी निकामी ठरवून परवाना रद्द होईल, असे मंजुरीपत्रात म्हटले आहे. मागितलेले मिळाल्यावर कुरकुर करणे शोभत नाही, हे कळते. तरी पुढील गोष्टी आपल्या कानावर घालणे भाग आहे.

१. तपासणीची मुदत उलटल्यामुळे २ मार्चला होडी आपल्या धक्क्याला लावून घेण्यात आली. आत्याला वर थांबवून पथकाने इंजिन सुरू करायला सेल मारला. डिझेलचा कॉक बंद होता. "अहो साहेब, आधी कॉक उघडा!" असे आत्या वरून ओरडत होती, पण सेलच्या घरघरीत ते ऐकू गेले नसावे. पथक बराच वेळ सेल मारत राहिले. अखेर आत काहीतरी ठक्क वाजले आणि इंजिन जागच्या जागी अडकले. याबद्दल माझी तक्रार नाही.

२. कारण एवढेच, की या इंजिनाचा धूर थंड करायला समुद्राचे पाणी आत खेचले जाते आणि धुराबरोबरच बाहेर फेकले जाते. इंजिन नुसते फिरले आणि पेटले नाही, तर पाणी येत राहते पण त्याला ढकलायला धूर नसतो. ते सायलेन्सरमध्ये साठते आणि उलटे सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून पिस्टन अडला. त्याच संध्याकाळी इंजिनाच्या खोलीला सील लागले.

३. दुसऱ्याच दिवशी मी अर्ज केला. अशा वेळी डिझेल फवारणारे नोझल काढून पाणी बाहेर काढायचे, आत तेल सोडायचे, इंजिन हाताने फिरवून पाहायचे आणि मग लगेच सुरू करून चांगले तापू द्यायचे असते. हे सगळे "इंजिन सुरू करणे" या तीन शब्दांत येते असे मी धरून चालले, आणि अर्जात तेवढेच लिहिले.

४. उत्तर आले ते "इंजिन आहे त्या स्थितीत ठेवावे" असे. त्यावर मी नम्रपणे कळवले होते, की खाऱ्या पाण्याने भिजलेल्या लोखंडाला आहे ती स्थिती नसते. ओल, मीठ आणि हवा एकत्र आली की त्याची स्थिती रोज बदलते, सील कितीही पक्के असले तरी. सीलच्या आत फक्त आम्हाला मज्जाव आहे. या पत्राची पोच मिळाली.

५. आता मंजुरी आली आहे. परंतु मधल्या काळात पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजून चिकटल्या असणार. मार्चमध्ये सुरू केल्याने जे इंजिन वाचले असते, ते उद्या सुरू करायला गेल्याने मोडेल. आमचे मिस्त्री म्हणाले, "उघडल्याशिवाय सेल मारला तर मला बोलावू नका, भंगारवाल्याला बोलवा." ते मिस्त्री स्वभावाने तुसडे आहेत, पण या बाबतीत माझे त्यांच्याशी दुमत नाही.

६. म्हणून आज मी आपल्या कार्यालयात आले. आधी उघडू द्या, मग सुरू करतो, अशी विनंती केली. खिडकीवरच्या बाई फार सौजन्याने बोलल्या. त्या म्हणाल्या, "अगं, तू सुरू करायची परवानगी मागितलीस, ती दिली. उघडायची मागितली असतीस तर उघडायची दिली असती." उघडण्यासाठी नवा अर्ज करता येईल, त्यालाही साधारण तितकेच दिवस लागतील, असे त्यांनी सांगितले. त्यांचेही खोटे नाही.

तितक्या दिवसांनी नोझल काढून काही उपयोग उरणार नाही, तेव्हा इंजिन क्रेनने उचलून बाहेर काढावे लागेल. त्यामुळे उत्तर येईल तेव्हा जे खरे असेल तेच आज मागावे, या विचाराने मी इंजिन उचलण्याच्या परवानगीचा अर्ज सोबत जोडत आहे. हे मी उपरोधाने केलेले नाही. आपल्या कामाचा वेग आणि गंजाचा वेग यांचा मेळ घालण्याचा दुसरा मार्ग मला सुचला नाही. आत्याने तो अर्ज वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "जिवंत माणसाच्या मरणाचा दाखला काढून ठेवतेस होय गं?" तिने सही केलेली नाही.

तरी, उद्याची परवानगी मागे घ्यावी व परवान्यास धक्का न लावता आम्हाला इंजिन आधी उघडू द्यावे, ही विनंती.

हे आपल्या अधिकारात बसत नसल्यास आम्ही उद्या वेळेवर हजर राहू, कारण गैरहजर राहिलो तरी परवाना जाणारच आहे. अशा वेळी एकच सवलत मागते. मंजुरीपत्रात "नौकामालकाने स्वतः सुरू करावे" असे आहे. तेवढे वाक्य बदलून किल्ली आपल्या एखाद्या कर्मचाऱ्याने फिरवावी. आत्याला ती फिरवायला लावू नये.

कळावे, उत्तर आजच मिळाल्यास उपकार होतील.

आपली विश्वासू,
(सही)
नौकामालकाची भाची, तिच्या वतीने
दि. २६ एप्रिल, दुपारी

सोबत : १) मंजुरीपत्राची प्रत.
२) इंजिन क्रेनने उचलण्याच्या परवानगीचा अर्ज (मालकाची सही नाही).