हरणांच्या ओळखीचं लुगडं

आई, आज सकाळी हरणं पळाली नाहीत, आणि माझ्या अंगावर तुझं लुगडं नव्हतं. एवढंच सांगायला बसले होते, पण ते कळायचं तर आधीचं सांगावं लागेल.

आम्ही दोघं आता आपल्या शेतातल्या वस्तीवर राहायला आलोय. ह्यांची नोकरी सोलापुरातच आहे, गाडीवर जाऊन येतात. मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. तू गेलीस त्याला वीस वर्षं होत आली. तू दारात लावलेला कडुनिंब घराच्या वर गेलाय, विहिरीवर मोटर बसलीय, बाकी माळ होता तसाच आहे. ज्वारीच्या कडेनं अजूनही करडईच्या काटेरी ओळी घालतात, जनावर आत शिरू नये म्हणून. आणि हरणं अजूनही त्या काट्यांना जुमानत नाहीत, वरून उडी मारून येतात.

राहायला आले तेव्हा वाटलं होतं, रोज दिसतील, हळूहळू ओळख होईल. पण मी दाराबाहेर पाऊल टाकलं की एखादी मादी मान वर करायची आणि सगळा कळप माळावर पसार. एकदा फोटो काढावा म्हणून मोबाइल उचलला, तर काळवीट फुरफुरला आणि उंच उंच उड्या मारत गेला. मागं नुसती धूळ. मला हे उगीचच मनाला लागायचं, कारण मला तू आठवत होतीस. तू हिरवं इरकल लुगडं नेसून, काष्टा आवळून खुरपत बसलीयस आणि हाकेच्या अंतराच्याही आत हरणं चरतायत. तिकडून अण्णा डबा बडवत येतात, "आगं, खात्यात की ती!" तू खुरपं न थांबवता म्हणतेस, "खाऊ द्या की दोन घास. आपलं काय सगळं आपुनच खाऊन सरतंय व्हय?" मी सात-आठ वर्षांची असेन. गवतात बसलेलं पाडस मला दिसतं आणि मी हात पसरून त्याच्याकडं पळत सुटते. क्षणात कळप उधळतो. तू मातीच्या हातानं माझा दंड धरतेस. "पाव्हण्याच्या दारात अशी धावत जाती का गं? तू तुजं काम कर, ती त्येंचं करत्यात." मी रडले, मग तू ओच्यात बोरं घालून दिलीस. दंडावरची माती मी संध्याकाळपर्यंत पुसली नव्हती.

दिवाळीच्या साफसफाईत तुझी पेटी उघडली. तळाशी ते इरकल होतं, बसून बसून गुडघ्यापाशी विरलेलं. सहज नेसले. तुझ्यासारखा काष्टा मला घालता येत नाही. तू त्या लुगड्यात बाभळीवर चढून शेंगा पाडायचीस. मी कसंबसं गुंडाळलं, निऱ्या एका हातात, पदर दुसऱ्या हातात, आणि तशीच विहिरीजवळची पाण्याची दगडी डोण भरायला गेले. हरणं तिथंच होती. एका मादीनं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. मला रडूच आलं. हरीण काही वीस वर्षं जगत नाही, हे मला माहीत आहे. पण वाटलं, त्यांच्या आयांनी पाडसांना सांगितलं असेल, हिरव्या लुगड्यातल्या बाईला भ्यायचं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी तेच नेसू लागले. एक कान फाटलेली मादी डोणीवर पाणी पिते तेव्हा मी पलीकडं भांडी घासते. एकदा तर तिचं पाडस दोरीवर वाळत घातलेल्या पदराला नाक लावून गेलं. पलीकडच्या वस्तीवरच्या मामांना सांगितलं तर ते हसायला लागले. "लुगडं बघून हरणं थांबत्यात व्हय? मग आमच्या हिच्याजवळ का थांबत न्हाईत? ही बी जन्मभर लुगड्यातच हाय की." ज्वारीतून मामींचा आवाज आला, "तुमी गप बसला असता तर थांबली असती!"

आणि मग वळसंगहून ताईचा फोन आला. तिच्या लेकीचे दिवस भरत आलेत. बाळासाठी ताई वाकळ शिवतेय, तुझ्या जुन्या लुगड्यांची. "मधी ते हिरवं इरकल पायजे बघ. तुज्याकडंच हाय की, पाठवून दे." मी हो म्हटलं आणि पाठवलं नाही. आज देते, उद्या देते, असं चाललं. वाटायचं, लुगडं गेलं तर हरणं जातील, आणि हरणं गेली तर या माळावर तुला ओळखणारं कुणीच उरणार नाही.

काल संध्याकाळी टाचेत बाभळीचा काटा मोडला. आज सकाळी लुगडं धुऊन दोरीवर टाकलं आणि गाऊनवरच, लंगडत, एकेक पाऊल टाकत डोणीकडं निघाले. बादली ओतली, मान वर केली, तर ती फाटक्या कानाची समोर. चरत होती. कळप चरत होता. तेव्हा ध्यानात आलं की माझ्या हातात निऱ्याही नाहीत आणि पदरही नाही. निऱ्या सांभाळत मी इतके दिवस हळू चालत होते, एवढंच. आज काट्यानं तेच केलं. तुझं ते पाव्हण्याच्या दारातलं बोलणं आठवलं आणि हसू आलं. थोडं वाईटही वाटलं. त्यांनी तुला ओळखलं नव्हतं तर.

म्हणजे आता लुगडं द्यायला काही हरकत नव्हती. मी ताईला फोन लावला आणि माझ्याच तोंडून ऐकलं, "ताई, ते इरकल उंदरांनी कुरतडलं गं."

ती म्हणाली, "त्याच पेटीत माजं जरीचं होतं की. ते सोडलं व्हय?"

"हो."

"लई जाणता उंदीर हाय तुज्या घरात." मग आवाज उतरवून म्हणाली, "असू दे. तुजी एकादी मऊ साडी पाठव, मधी ती घालीन. आन त्या उंदराला म्हणावं, लुगडं उन्हात वाळवू नको. हिरवा रंग लवकर उडतोय."

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुला खरं सांगते. पेटीत उंदीर नाहीत. लुगडं मी मघाशीच दोरीवरून काढून तुझ्या कडुनिंबाच्या सावलीत टाकलंय.