फुगे फुगल्याची तक्रार

४ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या चिरंजिवांचा खोकला थांबला, घोरणं थांबलेलं नाही. नवं घर लागलं, पडदे तेवढे राहिलेत. रविवारी त्यांनी फुग्यांची फर्माईश केली. तुमच्या हातचे फुगे मी अजून खाल्लेले नाहीत, नुसतं कौतुक ऐकलंय. म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना विचारून केले. मैदा, दूध, यीस्ट, थोडी साखर, मीठ. पीठ ओल्या फडक्याखाली दुपारभर ठेवलं, लाटून चौकोन कापले आणि तळले. प्रत्येक चौकोन टम्म फुगला. मला फार आनंद झाला.

चिरंजीव ताटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, असू दे, पहिल्या खेपेला बिघडतात. एक फोडून पाहिला आणि आत काहीच नाही, असं मला सांगितलं. आईचे फुगे कसे भरीव असतात, ताटलीत टाकले की आवाज येतो म्हणे. चार खाल्ले, पण सहानुभूतीने. माझं काय चुकलं ते सविस्तर कळवा. बाबांसारख्या बेकरीतल्या माणसाच्या घरची सून आणि हे असं, लाज वाटते.

कळावे. माझ्यावरचा लोभ तरी भरीव असू द्या.
आपली,
सूनबाई


११ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. अगं, हवा शिरली, एवढंच झालंय. पीठ ठेवलंस तिथेच घात झाला. ठेवलं की पीठ आळसावतं. मळलं की लगेच लाटायचं, चांगलं जाड. तेल कडकडीत नको, कोमट हवं, म्हणजे बिचारे दचकत नाहीत. आणि एखादा वर येऊ लागला तर झाऱ्याने दाबून धरायचा, डोकं वर काढू द्यायचं नाही. मग त्यांना फुगे का म्हणतात, असं तू विचारशील. खाल्ल्यावर माणूस संध्याकाळपर्यंत फुगलेला राहतो, म्हणून.

तुझ्या शिंपीणकाकूंनी कपडे शिवावेत. मी बढाई मारत नाही, पण हे जन्मभर बेकरीत मुख्य कारागीर होते. अर्ध्या शहराने यांच्या हातचा पाव खाल्ला. घरी मात्र स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाही. असा माणूस लग्नापासून माझे फुगे खातोय आणि दर वेळी छान म्हणून आणखी एक मागतोय. परवाही मागितला, दाढ हलत असूनसुद्धा. याहून मोठं सर्टिफिकेट मला नको.

पडद्यांना गडद रंग घे, मळ दिसत नाही. आहे तशीच माया राहू दे.
तुझी,
सासू


१९ मार्च

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तस्से केले. चिरंजिवांचे डोळे भरून आले. अगदी आईचे, म्हणाले. मीही एक खाल्ला. शिंपीणकाकूंना दिला तर त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला आणि हे काय आहे, असं विचारलं. फुगे, असं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या की फुगा फुगलेलाच असतो, आतून पोकळच असतो, आणि त्यासाठीच तो करतात.

हे तुम्हाला लिहू नकोस, असं चिरंजीव म्हणाले होते. पण मला तुमच्याकडूनच शिकायचंय. बाबा घरातच आहेत, त्यांना विचारून टाका ना. त्यांचा शब्द आम्हा सगळ्यांना मान्य.

पडदे गडद घेतले. राग आला तर लवकर कळवा, वाट पाहवत नाही.
आपली,
सूनबाई


२७ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

विचारलं. यांनी पेपरचं पान उलटलं आणि दोन्ही प्रकार आपापल्या जागी चांगले असतात, असं म्हणाले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

परवा तुझ्या काकूंच्या पद्धतीने केले. पहिलाच असा फुगला की मी घाबरून झाकण ठेवलं. वासाने हे दारापर्यंत आले. ताटली पाहिली आणि यांचा चेहरा असा उजळला की विचारू नकोस. तो चेहरा माझ्या फुग्यांसाठी मी कधीच पाहिला नव्हता. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे.

फुग्यांचं सोड गं. दोन दिवस झोप नाही ती वेगळ्याच गोष्टीपायी. मी विणलेल्या निळ्या स्वेटरला हे छान म्हणाले होते. भिंतीच्या रंगाला छान म्हणाले, माझ्या गाण्याला छान म्हणाले. मोठ्या आजारातून उठले तेव्हा म्हणाले होते की तू होतीस म्हणून मी उठलो. ते बोलणं मी इतकी वर्षं जपून ठेवलंय. आता त्यातलं खरं कुठलं धरू? मला फार वाईट वाटतंय.

तुझा दोष नाही. तुझ्यावर लोभ आहे, तुझ्या सासऱ्यांवरचा तूर्त काढून घेतलाय.
तुझी,
सासू


५ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तिच्या मनातलं मला कळवलंस, बरं केलंस. ती स्वयंपाकघरात आहे, मी पुढच्या खोलीत. बोलणं बंद असल्यामुळे हे तुझ्यामार्फत. वाचून तिला पाठवून दे.

लग्नानंतर तिने पहिल्यांदा फुगे केले तेव्हा मी एक चावला आणि सांगायला तोंड उघडलं. ती दारात उभी होती. बोटांना चटके बसले होते आणि ती बोटं तिने पाठीमागे लपवली होती. मी छान म्हणालो. दुसऱ्या खेपेला खरं सांगितलं असतं तर पहिल्या खेपेचं काय, असा प्रश्न निघाला असता. तिसऱ्या खेपेला दोन प्रश्न निघाले असते. पुढे प्रकरण आवाक्याबाहेर गेलं. स्वयंपाकघरात मी गेलो नाही तो याच धास्तीने. पीठ हातात आलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

स्वेटर, भिंत आणि आजारपणातलं बोलणं खरं आहे. तिसरं तर शंभर टक्के खरं. गाण्याबद्दल मला विचारू नये.

निदान सासऱ्याचा मान ठेवून हे लवकर टपालात टाक.
तुझा,
सासरा


१६ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. पुढच्या खोलीतलं पत्र मला तुझ्या गावाहून आलं. दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि यांना आत बोलावून सांगितलं की आता करून दाखवा.

हे आले. आधी हात कोपरापर्यंत धुतले, मग पीठ घेतलं. मी स्टुलावर बसले. खांदा दुखतो म्हणून शर्टाची गुंडी लावायला मला बोलावणारा हा माणूस, पण पिठाशी त्याचा खांदा दुखला नाही. गोळा आपटायचे, वळवायचे, बोटाने दाबून बघायचे. फडक्याखाली ठेवला तर मधूनमधून जाऊन बघून यायचे. चौकोन न मोजता कापले, सगळे सारखे. सूनबाई, जन्मभर यांच्या शर्टांचा मैद्याचा वास मी धुतला, पण यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या फुग्यांपायी माझं केवढं बघायचं राहून गेलं!

सगळे फुगले. यांनी ताटली माझ्या हातात दिली आणि दारात जाऊन उभे राहिले. मी एक चावला. मीठ दोनदा पडलं होतं. मी समोर बसले म्हणून गडबडले असणार. जीभ भाजल्यासारखी झाली.

मी छान झालेत म्हटलं. आणि खरं सांगते, म्हणताना ते मला खोटं वाटलं नाही.

मग ताटली एकटीने संपवली, यांना चवही लागू दिली नाही. माझा राग अजून गेला नाही, असं हे समजताहेत. समजू देत. सकाळपासून पाणी पितेय.

यातलं यांना काही कळवू नकोस. तुम्हा दोघांवर लोभ आहे, आणि यांचा यांना परत केलाय.
तुझी,
सासू